मुळ्याचं फूल स्वतःचा पराग नाकारतं, ते गच्चीवर कसं पाहायचं

कुंडीत एकच मुळा ठेवा, तो उपटू नका, फुलावर येऊ द्या. फुलं भरपूर येतील, पण डिंगऱ्या (मुळ्याच्या शेंगा) जवळजवळ धरणार नाहीत. शेजारी वेगळ्या बियाण्याचा दुसरा मुळा फुलला आणि मधमाश्या फिरकल्या, की तेच झाड डिंगऱ्यांनी लगडतं. माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. एकट्या झाडाच्या फुलांना फक्त आपलाच पराग मिळत होता आणि तो त्यांनी नाकारला होता.

पराग निकामी होता म्हणून असं झालं, असं वाटेल. तसं नाही. तोच पराग शेजारच्या झाडावर टाकला तर तिथे उत्तम बी धरतं. नकार देणारं फूल आहे, आणि तो नकार जनुकांनी ठरवलेला असतो. वनस्पतिशास्त्रात याला स्व-असंगती म्हणतात. फुलझाडांच्या साधारण निम्म्या जातींमध्ये ती या ना त्या रूपात असावी, असं मानलं जातं. पुस्तकात हे प्रकरण वाचताना रुक्ष वाटतं. एकदा चिमटा हातात धरून करून पाहिलं की ते कायमचं समजतं. म्हणून हा लेख ज्यांनी आजवर एकाही फुलाचे पुंकेसर काढलेले नाहीत, अशांसाठी लिहिला आहे.

मुळाच का

नागपुरात हा प्रयोग करायचा तर मुळ्याइतकं सोयीचं झाड नाही. ते स्वस्त आहे, थंडीत वाढतं, फूल उघडं आणि चार पाकळ्यांचं असतं, आतले सहा पुंकेसर (चार लांब, दोन आखूड) साध्या डोळ्यांनी मोजता येतात. मुख्य म्हणजे मुळ्यात स्व-असंगती चांगली कडक असते.

वांगी, टोमॅटो, मिरची यांच्यावर वेळ घालवू नका. ती स्वतःच्या परागावर बिनदिक्कत फळतात. फोडणीतल्या राईचंही तसंच. राई मुळ्याच्याच कुळातली, पण तिला आपला पराग चालतो. कोबी मुळ्यासारखीच कडक, पण तिला फुलावर यायला लांब, कडक थंडी लागते. आपल्याकडची थंडी तिला पुरत नाही.

कारलं, दोडका, भोपळा यांच्यात नरफूल आणि मादीफूल वेगळं असतं, पपईत तर बहुधा झाडंच वेगळी. आपलाच पराग टाळण्याचा तोही एक मार्ग आहे, पण त्यात ओळखण्याचा भाग नाही. भोपळ्याच्या मादीफुलावर त्याच वेलाच्या नरफुलाचा पराग हाताने लावला तर फळ धरतं. मुळ्यात नर आणि मादी दोन्ही भाग एकाच फुलात, एकमेकांना जवळजवळ टेकून असतात, आणि तरीही बी होत नाही. कुतूहलाची गोष्ट ती आहे.

बियाणं निवडताना

प्रयोग इथेच फसू शकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाकिटावर ‘एफ-१ हायब्रीड’ लिहिलेलं बियाणं घेऊ नका. त्याला दोन कारणं आहेत. काही संकरित वाणांत परागच तयार होत नाही. जपानी मुळ्यात १९६८ साली सापडलेल्या नरवंध्यत्वाचा बियाणं बनवणाऱ्यांनी पुढे भरपूर उपयोग केला. अशा झाडाचे परागकोश सुकलेले, फिकट दिसतात आणि बोटाला पिवळी भुकटी लागत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. संकरित पाकिटातली सगळी झाडं नकार ठरवणाऱ्या जनुकांच्या बाबतीत एकसारखी असू शकतात. मग दोन वेगळ्या कुंड्यांतली झाडंही एकमेकांचा पराग नाकारतील, आणि तुम्हाला वाटेल की आपला हात चुकला.

देशी, पांढरा, लांब मुळा घ्या. लाल, गोल, परदेशी वाण टाळा. पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय ते फुलावर येत नाहीत. दोन वेगळ्या दुकानांतून दोन पाकिटं घेतली तर आणखी बरं. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पेरा. बारा इंची कुंडीत एकच रोप ठेवा आणि अशा निदान चार कुंड्या तयार करा.

पेरायचं राहून गेलं असेल तरी हरकत नाही. डिसेंबरात कॉटन मार्केटमधून पानांसकट ताजे मुळे आणा, शक्यतो वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून. पानं चार बोटं ठेवून छाटा, पण मधला कोंब अजिबात दुखवू नका. मुळ्याचा खालचा, टोकाकडचा भाग कापा, कापलेली जागा दिवसभर सावलीत सुकू द्या आणि उरलेला भाग कोंब मातीच्या वर राहील असा लावा. मुळ्याचं बियाणं घेणारे शेतकरी हेच करतात. पाणी बेताने द्या. कुंडीत पाणी साचलं की मुळा सडतो.

फुलं फेब्रुवारी संपायच्या आत हाताशी आली पाहिजेत. मार्चमध्ये आपल्याकडे ऊन चटकायला लागतं, आणि उष्णतेने या कुळातली असंगती ढिली पडते. तेव्हा केलेल्या प्रयोगात फुलाने आपला पराग स्वीकारला, तर ते झाडाचं काम की उन्हाचं, हे सांगता येणार नाही.

सामान

टोकदार चिमटा, दहापट दाखवणारं भिंग, मलमलीच्या किंवा बटर पेपरच्या पिशव्या, चार रंगांचे सुती धागे, थोडं स्पिरिट, कापूस आणि एक वही. प्रत्येक फुलानंतर चिमट्याचं टोक स्पिरिटच्या कापसाने पुसून वाळू द्या. टोकाला चिकटलेले चार परागकणही निकाल बदलू शकतात.

प्रत्यक्ष काम

मुळ्याच्या तुऱ्यात फुलं खालून वर उमलत जातात. त्यामुळे एकाच तुऱ्यात खाली आजची फुलं, मध्ये उद्या उमलणाऱ्या टपोऱ्या कळ्या आणि वर अगदी कोवळ्या कळ्या मिळतात. आपल्याला या तिन्ही लागणार आहेत.

आदल्या संध्याकाळी तुऱ्यावरची उमललेली सगळी फुलं काढून टाका. त्यांच्यावर कोणती माशी बसून गेली ते आपल्याला ठाऊक नसतं. थंडीतल्या गच्चीवर सातेरी, फुलोरी आणि बारीक पोयाची माशी, तिघीही येतात, आणि पोयाची माशी तर सैल बांधलेल्या पिशवीतही शिरते. मग उद्या उमलणाऱ्या कळ्या घ्या. पाकळ्या हलक्या हाताने बाजूला करा आणि सहाही पुंकेसर देठाशी धरून काढा. मधला हिरवा दांडा म्हणजे स्त्रीकेसर, त्याला धक्का लागू देऊ नका. त्याच्या टोकाची बारीक गोल गादी म्हणजे कुक्षी, आणि सगळी निवड तिथेच होते. काम झालं की तुऱ्यावर पिशवी चढवा आणि तोंड धाग्याने बांधा. ज्या तुऱ्यांतून पराग घ्यायचा आहे तेही झाकून ठेवा.

सकाळी ऊन अंगावर आलं की परागकोश फुटतात. तेव्हा कामाला लागा.

पहिला गट: पुंकेसर काढलेल्या फुलाच्या कुक्षीवर त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलाचा परागकोश घासा. कुक्षी पिवळी दिसली पाहिजे. याला पांढरा धागा.

दुसरा गट: तशाच फुलांवर शेजारच्या कुंडीतल्या झाडाचा पराग लावा. याला लाल धागा.

तिसऱ्या गटासाठी वर सरका. अजून पूर्ण हिरवी, पाकळीचा रंग बाहेरून न दिसणारी कळी घ्या. ती चिमट्याने एका बाजूने उघडा, आतले न फुटलेले पुंकेसर काढा आणि कोवळ्या कुक्षीवर त्याच झाडाच्या उमललेल्या फुलाचा पराग लावा. हे काम नाजूक आहे, काही कळ्या दुखावून गळतील. म्हणून इथे जरा जास्त कळ्या घ्या. याला निळा धागा.

चौथ्या गटातल्या फुलांना हातच लावायचा नाही. पुंकेसर तसेच ठेवा, फक्त पिशवी. याला काळा धागा. फुलाने आपलं आपण काय केलं असतं, ते या गटावरून कळतं.

प्रत्येक गटात दहा-पंधरा फुलं असली तर निकालावर विसंबता येतं. वहीत तारीख, झाडाचा नंबर, धाग्याचा रंग आणि पराग कुठून घेतला, एवढं लगेच लिहा. पाकळ्या गळून गेल्यावर, साधारण चार-पाच दिवसांनी, पिशवी काढली तरी चालते.

निकाल कसा वाचायचा

आठ-दहा दिवसांत फरक दिसायला लागतो. लाल धाग्याच्या फुलांत स्त्रीकेसर लांब होऊन फुगतो, डिंगरी आकार घेते. पांढऱ्या आणि काळ्या धाग्याची बहुतेक फुलं पिवळी पडून गळतात, एखादी बारीक, पोकळ शेंग राहते. नुसती शेंग पाहून निर्णय करू नका. तीन आठवड्यांनी हिरवी डिंगरी उभी चिरा आणि आत भरलेल्या बिया मोजा. मुळ्याच्या शेंगेला आत बी नसतानाही थोडं लांबायची सवय असते.

निळ्या धाग्याचा निकाल मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या झाडाने उमललेल्या फुलात आपला पराग साफ नाकारला, त्याच झाडाने कळीत तोच पराग स्वीकारलेला असतो. बिया लाल धाग्यापेक्षा कमी भरतील, पण भरतात. म्हणजे नकार हा झाडाचा दुबळेपणा नाही. कुक्षी मोठी होताना ओळखण्याची यंत्रणा तयार करते, आणि ती फूल उमलायच्या जेमतेम एक-दोन दिवस आधी पुरी होते. कळीतली कुक्षी पराग घ्यायला तयार असते, पण आपला-परका ओळखायला अजून शिकलेली नसते.

पांढऱ्या धाग्यालाही बऱ्याच बिया भरल्या तर घाबरू नका. मुळ्यात काही झाडं स्वतःचा पराग चालवून घेणारी निघतात. म्हणूनच चार कुंड्या सांगितल्या.

शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर पराग लावल्यानंतर दुसऱ्या दिवशी पांढऱ्या आणि लाल धाग्याची एकेक कुक्षी कापून काचपट्टीवर घ्या, कॉटन ब्लूचा थेंब टाका, वर आवरणकाच ठेवून अंगठ्याने हलकं दाबा. लाल धाग्याच्या कुक्षीवर परागकण गर्दीने चिकटलेले आणि काहींतून नलिका निघालेल्या दिसतील. पांढऱ्यावर मोजकेच कण असतील, बरेचसे थेंबातच वाहून गेलेले.

आत काय घडतं

मुळा, कोबी, मोहरी यांच्या कुळात गुणसूत्रावर एक ठरावीक जागा असते, तिला एस-लोकस म्हणतात. तिथे दोन जनुकं खेटून असतात. त्यातलं एक कुक्षीत काम करतं. ते एसआरके नावाचं प्रथिन बनवतं आणि ते प्रथिन कुक्षीच्या पेशींच्या पृष्ठभागावर पहारा देतं. दुसरं परागकोशात काम करतं आणि एससीआर नावाचं छोटंसं प्रथिन बनवतं. ते परागकणाच्या बाहेरच्या लेपात असतं. हा परागाकडचा दुवा १९९९ मध्ये हाती आला आणि मग चित्र पुरं झालं.

या दोन जनुकांची अनेक रूपं असतात. एकट्या कोबीच्या जातीत सुमारे ५० माहीत आहेत. आपल्या माणसाला चटकन कळेल असं सांगायचं तर ही रूपं म्हणजे गोत्रं. परागाचं आणि कुक्षीचं गोत्र जुळलं की संबंध होत नाही. फरक इतकाच, की झाडाकडे एकाच वेळी दोन गोत्रं असतात, एक आईकडून आलेलं आणि एक बापाकडून.

जुळणी म्हणजे काय, तर परागाच्या लेपातलं एससीआर आपल्याच रूपाच्या एसआरकेला जाऊन चिकटतं. चिकटलं की कुक्षीच्या पेशीत संकेतांची साखळी सुरू होते आणि ती पेशी त्या कणाला पाणी द्यायचं थांबवते. परागकण कोशातून निघतो तेव्हा सुकलेला असतो आणि मुळ्याची कुक्षीही कोरडी असते. कुक्षीच्या पेशीने पाणी दिलं तर कण फुगतो, नलिका बाहेर पडते आणि बीजांडाकडे निघते. पाणी मिळालं नाही तर कण तिथेच पडून राहतो. परका पराग आला की त्याचं एससीआर एसआरकेला चिकटत नाही, आणि पाणी मिळतं. म्हणजे फूल परक्याला ओळखून आत घेत नाही, आपल्याला ओळखून अडवतं. हा फरक नीट ध्यानात ठेवा, नवशिके इथे हमखास गोंधळतात.

दोन जनुकं एकमेकांना इतकी खेटून का? ती वेगळी झाली तर कुक्षीकडे एक रूप आणि परागाकडे भलतंच, अशी झाडं निपजतील आणि ओळखच मोडेल. म्हणून ती पिढ्यान् पिढ्या जोडीने उतरतात.

आता जरा अवघड भाग. परागकण हा अर्ध्या गुणसूत्रांचा, त्यामुळे त्याच्या आत दोनपैकी एकच रूप असतं. पण त्याच्या अंगावरचा लेप तयार होतो परागकोशाच्या आतल्या अस्तरात, आणि ते अस्तर झाडाचं, म्हणजे दोन्ही रूपांचं. तेव्हा झाडाची दोन रूपं एस१ आणि एस२ असतील, तर त्याच्या प्रत्येक कणावर दोन्ही खुणा असू शकतात, मग कणाच्या आत काहीही असो. असा पराग एस१-एस३ झाडावर पडला तर एस१ जुळल्यामुळे सगळाच नाकारला जातो. काही वेळा एक रूप दुसऱ्याला दाबून टाकतं. मग ‘अ’चा पराग ‘ब’ला चालतो, पण ‘ब’चा ‘अ’ला चालत नाही, असा एकतर्फी निकाल येतो. तुमच्या वहीत तसं आढळलं तर ती नोंद खोडू नका.

सगळ्या झाडांची रीत एक नाही

आपल्या हिवाळी बागांतल्या पेटुनियाच्या रानटी जाती आणि तंबाखूच्या काही जाती यांची रीत वेगळी. तंबाखूच्याच एका जातीवर काम करून ईस्ट आणि मँगल्सडॉर्फ यांनी १९२५ मध्ये ही जनुकीय जागा मांडली. तिथे पराग कुक्षीवर रुजतो, नलिका कुक्षीवृंतात (कुक्षीखालच्या दांड्यात) उतरते आणि वाटेत मरते. कुक्षीवृंतात एस-आरएनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते नलिकेतलं आरएनए तोडतं. तो आरएनए तोडणारा विकर आहे हे १९८९ मध्ये कळलं. इथे लेपाचा प्रश्न नाही, कणाच्या आतलं रूपच मोजलं जातं. त्यामुळे एस१-एस२चा पराग एस१-एस३ झाडावर टाकला तर एस१चे कण अडतात, एस२चे पार होतात, म्हणजे निम्मं काम होतं. खसखशीच्या कुळात तर तिसरीच तऱ्हा: नाकारलेल्या परागाच्या पेशीत कॅल्शियम घुसतं आणि ती पेशी स्वतःला संपवते. एकच हेतू, पण वाटा स्वतंत्रपणे घडलेल्या.

संत्र्याचं काय?

नागपूरकर हे विचारणारच. आपलं संत्रं या भानगडीत नाही. एकटं झाड असलं तरी आंबिया आणि मृग, दोन्ही बहारांना फळ धरतं. पण त्याच्याच कुळातलं पपनस स्वतःचा पराग नाकारतं, तेही पेटुनियासारखंच एस-आरएनेज वापरून. संत्र्याच्या वर्गातल्या अनेक झाडांत त्या जनुकाचं बिघडलेलं रूप आहे आणि त्यामुळे त्यांना आपला पराग चालू लागला, असं २०२० मध्ये दाखवलं गेलं.

शेत किंवा मोठी परसबाग असणाऱ्यांना याचा थेट उपयोग आहे. दशहरी आंब्याची एकाच वाणाची बाग लावू नये, मध्ये दुसऱ्या वाणाची झाडं असावीत, असं सांगतात ते यासाठीच. कलमी दशहरीची शंभर झाडं म्हणजे जनुकांच्या हिशेबाने एकच झाड. आवळ्यातही निदान दोन वाण मिसळून लावा.

बिया फेकू नका

डिंगऱ्या वाळून पिवळ्या पडल्या की लाल आणि निळ्या धाग्याच्या बिया वेगवेगळ्या कागदी पाकिटांत भरा, वर झाडाचा नंबर घाला. मुळ्याची शेंग आपोआप फुटत नाही, हाताने चुरावी लागते. निळ्या पाकिटातल्या बिया म्हणजे झाडाची स्वतःपासूनच झालेली संतती. पुढच्या ऑक्टोबरात दोन्ही शेजारी पेरा. निळ्यातली काही रोपं खुरटी निघतील, आणि झाड आपला पराग का टाळतं, याचं उत्तर कुंडीत दिसेल. त्यांच्यात एस१-एस१, एस१-एस२ आणि एस२-एस२ अशी झाडं १:२:१ या प्रमाणात अपेक्षित असतात. ती फुलली की प्रत्येकाचा पराग दुसऱ्यावर लावून पाहा. ज्या दोन भावंडांत डिंगरी भरेल, त्यातलं एक बहुधा एस१-एस१ आणि दुसरं एस२-एस२. कोबी-मुळ्याचं बरंचसं संकरित बियाणं वर्षानुवर्षं याच मार्गाने तयार होत आलं आहे: कळीत स्वपरागण करून शुद्ध ओळी राखायच्या, मग अशा दोन ओळी शेजारी लावायच्या आणि बाकीचं काम मधमाश्यांवर सोडायचं.